पुस्तक मिटल्यावर किती आठवते? नोकरी-संसार सांभाळून ऑनलाइन पदवी करणाऱ्यांचा अभ्यास

जानेवारी आणि जुलै जवळ आले की मोबाइलवर जाहिराती सुरू होतात. घरबसल्या एमबीए, नोकरी न सोडता एमए, फी हप्त्याने. गोव्यात या जाहिरातींना गिऱ्हाईक भरपूर आहे, आणि त्यामागची कारणे इथलीच आहेत. 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतल्या कितीतरी घरांची ट्रकवरची आणि बार्जवरची कमाई थांबली. वेर्णा किंवा कुंडईच्या कारखान्यात बारावीवर लागलेल्या माणसाला वरच्या जागेसाठी पदवी विचारतात. लग्नामुळे बीए अर्धवट राहिले आणि आता मुले मोठी झाल्यावर ते पुरे करावेसे वाटते, अशा बायका तर वाड्यावाड्यावर आहेत.

प्रवेश घेणे आता अवघड राहिलेले नाही. अवघड असतो तिसरा महिना. पीडीएफ उतरवून ठेवलेल्या असतात, दोन-चार व्हिडिओ बघून झालेले असतात, आणि मग लॉगिनचा पासवर्डही आठवेनासा होतो. अशा वेळी बहुतेकजण स्वतःला एकच कारण देतात: आता वय झाले, डोक्यात काही राहत नाही. माझे म्हणणे असे की डोके बहुधा ठीक असते. अभ्यासाची पद्धत मात्र शाळेतली असते, आणि ती दिवस मोकळा असलेल्या मुलाला कशीबशी पुरायची. नोकरी करणाऱ्याला ती पुरत नाही.

आधी हे तपासा: ही पदवी चालते का?

दोन प्रकार आहेत. दूरशिक्षणात पुस्तके, अभ्यासकेंद्र आणि परीक्षा केंद्र असते. 1985 मध्ये स्थापन झालेले इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, मुख्यतः या पद्धतीने शिकवते आणि त्याचे विभागीय केंद्र गोव्यातही आहे. ऑनलाइन अभ्यासक्रमात शिकवणे, साहित्य, शंकानिरसन सगळे संकेतस्थळावरच चालते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2020 च्या नियमांनुसार, मान्यता असलेल्या संस्थेची यातली कोणतीही पदवी कॉलेजात बसून घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची आहे. यात ‘मान्यता असलेल्या’ हे शब्द महत्त्वाचे. आयोगाचे दूरशिक्षण मंडळ कोणत्या विद्यापीठाच्या कोणत्या अभ्यासक्रमाला परवानगी आहे याची यादी प्रसिद्ध करते. जाहिरात बाजूला ठेवून आधी ती यादी बघा.

अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, औषधनिर्माण, कायदा अशा पदव्या या मार्गाने घेताच येत नाहीत. कोणी देतो म्हणाला तर फोन ठेवून द्या. दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठाचा दूरशिक्षण अभ्यासक्रम असेल तर त्याचे कार्यक्षेत्र गोव्यापर्यंत पोचते का तेही विचारा. ऑनलाइन अभ्यासक्रमाला ही हद्द नसते.

2024 पासून प्रवेशापूर्वी डेब आयडी, म्हणजे याच दूरशिक्षण मंडळाचा ओळख क्रमांक, काढावा लागतो. त्यासाठी आधी एबीसी खाते हवे. एबीसी म्हणजे तुम्ही मिळवलेले क्रेडिट जमा ठेवणारे सरकारी खाते, ते डिजिलॉकरमधून उघडता येते. जमा क्रेडिट साधारण सात वर्षे ग्राह्य धरले जाते. बाळंतपण, आजारपण, बदली यांमुळे मध्ये थांबावे लागले तर याचा उपयोग होऊ शकतो.

एक क्रेडिट म्हणजे किती तास?

क्रेडिट हा शब्द सगळीकडे येतो आणि बहुतेकजण तो फीच्या तक्त्यातला एक आकडा समजून सोडून देतात. इग्नूच्या हिशेबात एक क्रेडिट म्हणजे तीस तासांचा अभ्यास. वाचन, व्हिडिओ, समुपदेशन वर्ग, असाइनमेंट, सगळे धरून.

आता 80 क्रेडिटची पदव्युत्तर पदवी घ्या. 2400 तास झाले. दोन वर्षांत, म्हणजे 104 आठवड्यांत ती करायची तर आठवड्याला सुमारे 23 तास. रोज तीन तासांहून जास्त, रविवार धरून, एकही सुट्टी न घेता. साखळीहून वेर्ण्याला कंपनीच्या बसने जाणाऱ्या आणि शिफ्टमध्ये काम करणाऱ्या माणसाने हा हिशेब प्रवेशाच्या आधी मांडला तर त्याला तिसऱ्या महिन्यात स्वतःची लाज वाटणार नाही. तो आळशी नसतो, त्याच्याकडे तास नसतात.

पण याच पदवीला इग्नूत साधारण चार वर्षांपर्यंत मुदत असते. तेवढी घेतली तर आठवड्याला साडेअकरा तास. आणि हे तास म्हणजे काही कायदा नाही. विषय कामाशी जवळचा असेल तर कमीत भागते, गणित किंवा संख्याशास्त्र असेल तर जास्त लागतात. माझ्या मते नोकरी करणाऱ्याने पहिल्या दिवसापासून लांब मुदतच मनात धरावी. दोन वर्षांचा बेत आखून तीन वर्षे लागणे आणि चार वर्षांचा बेत आखून तीन वर्षांत सुटणे, यात मनाला होणाऱ्या त्रासाचा फरक मोठा आहे.

‘वय झाले, आता पाठ होत नाही’

यात थोडे तथ्य आहे. नवीन माहिती झटपट उचलण्याचा वेग विशी-तिशीनंतर हळूहळू कमी होतो. एकावेळी मनात धरून ठेवता येणाऱ्या गोष्टी तर कोणत्याही वयात थोड्याच असतात. पण मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी बुद्धीचे दोन भाग सांगितले होते. एक, अनोळखी कोडे सोडवण्याची चपळाई. दुसरा, साठवलेले ज्ञान, शब्दसंपत्ती, व्यवहाराची जाण. पहिला भाग उतरणीला लागतो तेव्हाही दुसरा वाढत असतो, आणि पन्नाशी ओलांडली तरी टिकतो.

पदवीच्या अभ्यासात दुसरा भाग जास्त लागतो. दुकान चालवणाऱ्या बाईला ‘खेळते भांडवल’ समजावून सांगावे लागत नाही. वीस वर्षांच्या मुलाला ती व्याख्या पाठ करावी लागते. हिच्या गल्ल्यात ती रोज दिसते. तेव्हा वेग कमी आणि पकड जास्त, असा हा सौदा आहे. त्यात नुकसान होते ते पाठांतरावर भिस्त ठेवणाऱ्याचे.

वाचले की आले, असे का वाटते?

अमेरिकेतल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोन संशोधकांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग बघा. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार बैठकांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच बैठकीत वाचला आणि पुढच्या तीन बैठकांत, उतारा समोर न ठेवता, आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: त्यांना 83 टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना 71 टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा वाचणाऱ्यांकडे 40 टक्के उरले होते आणि लिहिणाऱ्यांकडे 61 टक्के.

मला यातला आणखी एक तपशील जास्त बोलका वाटतो. आठवड्याने किती आठवेल असे आधी विचारले तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच स्वतःबद्दल जास्त खात्री होती. कारण उघड आहे. तिसऱ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो, डोळे भरभर पुढे सरकतात, आणि ही ओळख म्हणजेच ज्ञान असे मन धरून चालते. परीक्षेत मात्र मजकूर समोर नसतो.

पुस्तक मिटून आठवण्याच्या या कामाला आठवणीचा सराव म्हणू. गोव्यात राहणाऱ्याला तो खरे तर शिकवायला नको. जत्रेला किंवा काल्याला गावच्या पोरांनी केलेले नाटक आठवा. त्यात कोणी वीज खात्यात वायरमन, कोणी कदंबवर कंडक्टर, कोणी काजूच्या कारखान्यात. दिवसभर कामे करून रात्री देवळाच्या मंडपात तालीम. पहिले काही दिवस नक्कल, म्हणजे संवाद उतरवलेली वही, हातात असते, मग दिग्दर्शक ती काढून घेतो. अडखळला की प्रॉम्प्टर एखादा शब्द देतो, सगळे वाक्य देत नाही. महिनाभर, एक-दोन रात्री आड, तेच प्रवेश पुन्हा उभे राहून. दोन-दोन पानांची भाषणे अशीच तोंडी बसतात, आणि ती पंचेचाळिशीच्या माणसालाही बसतात. जत्रेच्या आदल्या रात्री नक्कल दहा वेळा वाचून कोणी रंगमंचावर चढत नाही. आणि तोच माणूस परीक्षेच्या आदल्या रात्री मात्र पिवळे मार्कर घेऊन बसतो.

मार्करचे नाव निघालेच आहे तर: जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धती तपासल्या. खुणा करणे आणि पुन्हा वाचणे या दोन्ही कमी उपयोगाच्या ठरल्या. सर्वांत वर आल्या त्या दोन: स्वतःची परीक्षा घेणे आणि दिवसांचे अंतर ठेवून उजळणी करणे.

करायचे काय? एक युनिट वाचा. मिटा. कोऱ्या कागदावर निळ्या पेनने आठवेल ते लिहा, मोडकेतोडके चालेल. मग पुस्तक उघडा आणि सुटलेले लाल पेनने भरा. पुढच्या बैठकीत लाल भाग आधी. इग्नूच्या पुस्तकांत मध्ये मध्ये ‘चेक युवर प्रोग्रेस’ नावाची चौकट असते, तिच्यातले प्रश्न बहुतेकजण उडी मारून सोडतात. सगळ्या पुस्तकात वेळ घालवण्याजोगी जागा असेल तर ती. जुन्या प्रश्नपत्रिका संकेतस्थळावर फुकट असतात. त्या शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवू नका, युनिट उघडण्याआधीच वाचा. काय शोधायचे ते माहीत असले की वाचन निम्म्या वेळात होते असा माझा अनुभव आहे.

अंतराचे म्हणाल तर हर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते की विसरणे सुरुवातीला झपाट्याने होते आणि मग मंदावते. म्हणून पहिली उजळणी लवकर हवी, दुसऱ्याच दिवशी. त्यानंतरची तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. परीक्षा जितकी लांब तितके अंतर वाढवता येते. प्रत्येक वेळी थोडे विसरलेले असणारच. विसरलेले ओढून काढताना जो त्रास होतो, त्यातच ते पक्के होते.

व्हिडिओ बघणे म्हणजे अभ्यास का?

2017 मध्ये सुरू झालेल्या सरकारच्या स्वयंम् मंचावर हजारो व्याख्याने फुकट आहेत, फी लागते ती प्रमाणपत्राच्या परीक्षेला. पण रात्री साडेदहाला भांडी आवरून कॉटवर आडवे पडून बघितलेले व्याख्यान मालिकेसारखेच डोळ्यांवरून जाते. हार्वर्डमध्ये 2013 च्या सुमारास झालेल्या एका अभ्यासात एकवीस मिनिटांचे व्याख्यान चार तुकड्यांत दाखवले आणि प्रत्येक तुकड्यानंतर छोटी चाचणी घेतली. ज्यांची चाचणी घेतली त्यांचे मन कमी भटकले आणि त्यांनी टिपणेही जास्त घेतली. घरी हे करायला कोणाची परवानगी लागत नाही: पाच-सहा मिनिटांनी थांबवा, ‘आत्ता काय सांगितले?’ हे मोठ्याने बोला, मग पुढे चला. शेजारी ऐकतील ही भीती असेल तर मनात बोला.

‘सगळे खरे, पण वेळ कुठून आणू?’

आठवणीच्या सरावाचा नोकरदाराला मोठा फायदा हाच की त्याला टेबल लागत नाही. नवीन धडा वाचायला शांतता लागते, आठवायला लागत नाही. पणजी-मडगाव शटलमध्ये बसल्यावर मोबाइलवर नवीन युनिट उघडू नका, डुलकी लागेल. कालच्या युनिटातले पाच मुद्दे खिडकीबाहेर बघत आठवा, अडले तरच फोन काढा. नारळ खवताना, रेशनच्या रांगेत, मुलाच्या ट्यूशनबाहेर स्कूटरवर बसून हेच. बैठकीचे काम उरते ते नवीन वाचनाचे, आणि त्यासाठी आठवड्यातून तीन-चार पक्क्या बैठका धराव्यात. त्या घरातल्यांना वार आणि वेळेसह सांगून ठेवाव्यात. ‘वेळ मिळाला की बसेन’ म्हणणाऱ्या बाईला घरात वेळ कोणी देत नाही, हे लिहायला बरे वाटत नाही, पण तसेच आहे. घरात शांतता अशक्यच असेल तर तालुक्याचे वाचनालय आहे, पणजीत पाटो येथे 1832 पासूनचा वारसा सांगणारे कृष्णदास शामा ग्रंथालय आहे. नेटवर्क जाणाऱ्या गावांनी पुस्तके इग्नूच्या ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावरून आधीच उतरवून ठेवावीत. पावसात वीज गेली की छापील पानच कामाला येते.

वर्षाचे पंचांगही गोव्याचेच धरा. इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरला येतात, डिसेंबरची तर जानेवारीतही लांबते. हॉटेलात, टॅक्सीवर, शॅकवर काम करणाऱ्याचा डिसेंबर कसा असतो ते सांगायला नको. त्याने पावसाळा हा आपला अभ्यासाचा हंगाम समजावा: जुलै ते सप्टेंबरमध्ये वाचन उरकावे, असाइनमेंट लिहाव्यात, आणि ऑक्टोबरपासून फक्त आठवणीचा सराव ठेवावा, तो कामाच्या मधल्या वेळात होतो. जड विषय डिसेंबरला देऊच नयेत. इग्नूत परीक्षेचा अर्ज वेगळा भरावा लागतो आणि कोणते पेपर द्यायचे ते तुम्ही निवडू शकता. चवथीचे पंधरा दिवस मात्र सरळ कोरे सोडा. साफसफाई, माटोळी, करंज्या, पाहुणे, यांत अभ्यास होत नाही, आणि वेळापत्रकात तो लिहून ठेवला तर न झाल्याची बोच तेवढी उरते.

‘चौथीपर्यंत मराठीत शिकलो, ही इंग्रजी पुस्तके कशी झेपणार?’

गोव्यातल्या मराठी शाळांत शिकलेल्यांची ही खरी अडचण आहे. प्राथमिक मराठीत, पाचवीपासून एकदम इंग्रजी, त्यामुळे इंग्रजी वाचता येते पण अर्थ उशिरा पोचतो. मला पटलेला मार्ग असा: इंग्रजीत वाचा, पुस्तक मिटा, आणि पहिल्यांदा मराठीतच सांगा, घरातल्या कोणाला तरी किंवा स्वतःला. मराठीत सांगता आले नाही तर ते समजलेलेच नाही, मग इंग्रजी वाक्ये पाठ करून उपयोग नाही. सांगता आले की शेवटी परीक्षेच्या भाषेत पाच-सहा वाक्ये लिहा. विषयाचे खास शब्द मात्र सुरुवातीपासून इंग्रजीतच ठेवा. प्रत्येक पेपरचे असे पन्नास-साठ शब्द एका वहीत जमले की पुढची पाने आपोआप सोपी जातात.

वीस वर्षांचा अनुभव असून मार्क का कमी?

कारण उत्तरात अनुभव लिहिला जातो आणि युनिट राहून जाते. हॉटेलच्या स्वागतकक्षात आयुष्य घालवलेला माणूस ‘ग्राहक समाधान’ या प्रश्नावर तीन पाने सुंदर लिहितो, पण पुस्तकातली व्याख्या आणि घटक त्यात नसतात. तपासणारा तेच शोधत असतो. आधी पुस्तकातला मुद्दा त्याच्या नावानिशी, मग अनुभवाचे उदाहरण दोन ओळींत.

असाइनमेंट चॅटजीपीटीकडून लिहून घेतली तर?

घेणारे घेतातच. नीतीचा भाग बाजूला ठेवून नुसता हिशेब करू. इग्नूच्या बहुतेक पेपरांत असाइनमेंटला 30 टक्के आणि सत्रान्त परीक्षेला 70 टक्के वजन असते, आणि दोन्हींत वेगवेगळे पास व्हावे लागते. असाइनमेंट हा त्या सत्तर टक्क्यांचा सराव आहे. तो दुसऱ्याने केला तर तुमच्याकडे काही उरत नाही, आणि ही उणीव कळते ती थेट परीक्षेच्या खोलीत. त्या यंत्राचा चांगला वापर उलटा आहे: युनिटचा मजकूर देऊन सांगा, मला पाच प्रश्न विचार, उत्तर देऊ नकोस, मी लिहितो ते तपास. रात्री अकरालाही न कंटाळणारा परीक्षक मिळतो. फक्त ते कधीकधी चुकीची माहितीही ठामपणे सांगते, तेव्हा शेवटचा शब्द पुस्तकाचा.

आणि हात?

ही गोष्ट फार कोणी सांगत नाही. ऑफिसात टाइप करणाऱ्या किंवा काउंटरवर उभ्या राहणाऱ्या माणसाने कित्येक वर्षांत सलग दोन पानेही पेनने लिहिलेली नसतात. इग्नूची परीक्षा दोन-तीन तासांची, बहुधा कागदावरची. पहिल्या तासानंतर मनगट भरून येते, अक्षर बिघडते, आणि शेवटचे दोन प्रश्न येत असूनही अर्धे राहतात. म्हणून शेवटच्या दीड महिन्यात दर रविवारी एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, पेनने, बसल्या जागेवरून न उठता सोडवावी. पहिल्या रविवारी ती पुरी होणार नाही. कोणता प्रश्न किती मिनिटे खातो ते समासात लिहून ठेवा. पुढच्या रविवारी आधी त्या प्रश्नाचा वेळ कापायचा.